सात मिनिटांपुढचा माणूस

पिंपरीजवळच्या रहाटणीत पत्र्याच्या एका खोलीत आई, आप्पा आणि मी असे तिघं राहायचो. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये आप्पांची तीन बोटं गेली तेव्हा मी सातवीत होते. ते कंत्राटी, कंपनीने दवाखान्याचं बघितलं आणि पुन्हा कामावर बोलावलंच नाही. आईने मेसच्या पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं.

मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, हे मी मिरवतेच. अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला सात मिनिटांची फिल्म केली: प्रेस मशीनचा राक्षस होतो आणि तो कामगाराची बोटं खातो. बक्षीस मिळालं. एका निर्मात्याने विचारलं, "हिचा दीड तासाचा पिक्चर होईल?" मी हो म्हणून बसले.

तिथून भीतीने धरलं ते सोडेना. बोटं खाल्ली, मग पुढे काय? प्रत्येक मसुद्यावर निर्माता एकच म्हणायचा, "मॅडम, यात माणूस कुठंय? नुसतं मशीनच आहे." शेवटी म्हणाला, या महिन्यात जमलं नाही तर राहू द्या.

माणूस तर घरातच होता. त्याला विचारायचं म्हटलं की मी दुसराच विषय काढायचे.

एका रविवारी आप्पा लसूण सोलत बसले होते. मी कसंबसं म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी मशीननं..."

"मशीननं काय बी केलं न्हाई." त्यांनी मान वर केली नाही. "दोन हातांनी दोन बटनं दाबल्याबिगर प्रेस खालीच येत न्हाई. टार्गेट निघंना म्हणून एका बटनात मीच काडी खुपसली व्हती, म्हंजी एक हात मोकळा. समदेच खुपसायचे."

कणीक मळणारी आई थांबली. तिलाही हे नवीन होतं.

"तू तर मशीनला शिंगं काढलीस," आप्पा म्हणाले. "बघताना मलाच लाज वाटली."

मी म्हणाले, "हे दाखवलं तर लोक म्हणतील, चूक तुमचीच."

"म्हणू दे की. टार्गेट कोण लावत व्हतं, ते बी दाखव. एवढी शिकलीस अन् भितीस व्हय?"

भीत होतेच. भीतभीतच शिंगं पुसली. काडी खुपसणारा हात, तेव्हा आजूबाजूला बघणारे डोळे, आणि नंतर बायकोपासूनही ते लपवत जगणारा माणूस. तिथून गोष्ट पुढे सरकली. निर्मात्याने तो मसुदा परत पाठवला नाही.

पिक्चर पूर्ण झाला. दीड तासाचा. लेखन आणि दिग्दर्शन माझं आहे.