पाठवाली कुर्सी

परवा आमची नात कृतिका म्हणाली, "आजोबा, माझी पीठ दुखतेय." मी म्हटलं, "पीठ मळतात गं, दुखते ती पाठ." तर म्हणे, "पाठ म्हणजे लेसन ना?" दिल्लीत जन्मलेली पोर, तिचा काय दोष! मी पोट धरून हसलो आणि हसता हसता मला कुमुदिनीवहिनी आठवल्या. त्यांची तर सगळी गोष्टच या एका शब्दावर अडलेली.

वहिनी म्हणजे माझ्या ऑफिसातल्या अविनाश दाभाड्यांची बायको. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही एका ओळीत राहायचो. वहिनी पायमशीनवर शिवायच्या; ओळीतल्या यच्चयावत बायकांची झंपरं त्यांच्या हातची. बसायला साधं स्टूल, ते मागच्या भिंतीला लावलेलं. एक शिवण संपली की वहिनी भिंतीला टेकायच्या. भिंतीपलीकडे सरलाबाईंचं स्वयंपाकघर. थंडीत त्यांची शेगडी पेटली की अलीकडची भिंत कोमट व्हायची. चहा झाला की सरलाबाई लाटण्यानं भिंत ठोकायच्या. वहिनी कात्रीनं उलट ठोकायच्या, म्हणजे आलेच, एवढी बाही लावते. बोलणं भिंतीतूनच. मी तर म्हणायचो, आमच्या ओळीत टेलिफोन सरकारच्या आधी पोचला!

मग अविनाशराव रिटायर झाले आणि यमुनेपलीकडे वैशालीत फ्लॅट घेतला. तेव्हा देशात सगळंच नवं येत होतं. नव्या मोटारी, नवी चॅनेलं, कालच्या शेतात आज चार मजली इमारत. फक्त माणसं यायची राहिली होती. संध्याकाळी वहिनींच्या बाल्कनीतून पाहिलं तर उजेडाच्या खिडक्या तुरळक, बाकी काळोख. तिथं राहायला जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच अविनाशराव गेले. मुलगा उन्मेष बंगळूरला, कंप्युटरच्या कंपनीत.

वहिनींनी दारावर पाटी लावली, 'यहाँ सिलाई होती है'. मला म्हणाल्या, "भाऊजी, पेन्शन आहे, पोटासाठी नाही हो हे. पण ब्लाउज शिवायला टाकला की बाई मापाला येते, मग न्यायला येते. दोनदा तरी बेल वाजते."

आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या पाठीनं दगा दिला. उजेडासाठी मशीन बाल्कनीपाशी ठेवलेलं, मागं टेकायला काही नाही. तासाभरात कण्हायला लागायच्या. उन्मेष फोनवर म्हणाला, "आई, मशीन विकून टाक आणि इकडे ये. नुसतं बसायचं, काही करायचं नाही."

"काही न करता बसायला मी काय शोकेसमधली बाहुली आहे?" असं त्या मला म्हणाल्या, त्याला नाही. त्याला म्हणाल्या, "बसायला नीट खुर्ची मिळाली तर राहीन. नाही मिळाली तर येईन."

झालं! आम्ही खुर्चीच्या मागे लागलो. उन्मेषनं आधीच एक गोल फिरणारी, चाकांची खुर्ची घेऊन दिली होती. वहिनींनी पायडल मारलं की खुर्ची मागे. पुन्हा मारलं, आणखी मागे. म्हणाल्या, "भाऊजी, ही मला बसल्या बसल्या बंगळूरला पोचवणार!" मग प्लास्टिकची आणली. तिच्या हातांना वहिनींची कोपरं आपटायची आणि कापड अडकायचं. दुकानांतून हिंडलो. मी बसलो की मला सगळ्याच छान वाटायच्या. वहिनी बसायच्या, मागं टेकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "नाही हो."

शेवटी खालच्या फ्लॅटात कपाटं बसवणाऱ्या नरसिंह नावाच्या सुताराला गाठलं. वहिनींची हिंदी दोरा-बटणापुरती. त्यात दुखणं निघालं की माणूस आईच्या भाषेत बोलतो. म्हणाल्या, "भैया, पाठ के लिए कुर्सी चाहिए. बहुत देर बैठना पड़ता है."

नरसिंह एकदम अदबीनं उभा राहिला. "पाठ के लिए? समझ गया माताजी. अकेले बैठेंगी या और भी कोई आएगा?"

"कौन आएगा? अकेली," वहिनी म्हणाल्या.

मी शेजारीच होतो. मला काही खटकलं नाही. मीही मराठीच ना!

आठवड्यानं खुर्ची आली. चौरंगाला पाठ लावावी तशी. रुंद, मांडी घालून बसावं इतकी बुटकी, हात नाहीत, पाठीवर कोरीव ॐ आणि सोबत पोथी ठेवायची घडीची लाकडी घोडी! वहिनी तिच्यावर बसल्या तर मशीन त्यांच्या डोक्याच्या वर. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात पाच-सहा बायका, डोक्यावर पदर, हातात प्रसाद. पुढे बाजूच्या फ्लॅटातली सुदेश भाटिया. "आंटीजी, नरसिंह बता रहा था आपके यहाँ पाठ है. हमें बुलाया भी नहीं?"

"पाठ?" वहिनी गोंधळल्या. हात मागं नेऊन म्हणाल्या, "पाठ तो यहाँ है. बहुत दुखता है."

हिंदीत पाठ म्हणजे पोथीवाचन आणि दुखते ती पीठ, हे मला तेव्हा कुठं उमगलं. बायका अशा हसल्या, अशा हसल्या, की रिकाम्या जिन्यात आवाज घुमला. सुदेश हसत हसतच मागं गेली आणि तिनं तळवा वहिनींच्या पाठीवर टेकवला. "यहाँ?"

"थोडं खाली," वहिनी मराठीत म्हणाल्या. तिला कळलं. हात खाली सरकला. वहिनींनी डोळे मिटले. दुकानांत मिटायच्या तसेच. पण "नाही हो" काही म्हणाल्या नाहीत.

प्रसाद खाऊन बायका गेल्या. मीही निघालो. घर पुन्हा होतं तसं झालं.

नरसिंहनं कान पकडले आणि खुर्चीचे पाय उंच करून दिले. ॐ तसाच राहिला. वहिनींनी उन्मेषला कळवलं, "खुर्ची मिळाली. येत नाही."

पुढे थंडीत मी गेलो तर मशीन बाल्कनीपासून हलवलेलं. आतल्या कोपऱ्यात, दिवसा दिवा लावून वहिनी शिवत होत्या. खुर्ची भिंतीला चिकटलेली.

"अहो, उजेड सोडून इथं कुठं?"

"पलीकडे सुदेशचं स्वयंपाकघर आहे," त्या म्हणाल्या.

शिवण संपली. वहिनी टेकल्या आणि त्यांनी कात्रीनं भिंतीवर दोनदा ठोकलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. पलीकडून कुकरची शिट्टी झाली, मग काही नाही.

"तिला अजून ही भाषा येत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.