व्हर्लिन स्टकीची घरगुती काडतुसं

व्हर्लिन स्टकीने उभी हयात मोंटानातल्या आपल्या काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलण्यात काढली. पिण्याच्या दारूला तो कधी शिवला नाही. त्याला नादी लावलं ते बंदुकीच्या दारूने. दर शनिवारी नेमबाजांच्या क्लबाच्या मैदानावर जायचं, कागदाच्या निशाणावर गोळ्या झाडायच्या आणि जेवायला घरी यायचं, एवढाच त्याचा शौक. दुकानातली काडतुसं फार महाग पडतात, असं बायको लव्हॉन एकदा सहज बोलली आणि तिथेच सगळं बिनसलं.

"मग मी घरीच भरतो," व्हर्लिन म्हणाला. "वापरलेली पुंगळी फेकायची कशाला? बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत दारू घालायची, वर गोळी दाबायची. निम्म्या पैशात काम."

निम्म्या पैशात काम व्हावं म्हणून आधी दाबयंत्र आलं, मग दारू तोलायचा काटा, मग पुंगळ्या घासायचं यंत्र, आणि हे सगळं मांडायला एक भलंमोठं ओकचं टेबल. टेबल गॅरेजमध्ये आलं तशी लव्हॉनची गाडी बाहेर बर्फात गेली. रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना ती विचारायची, "आज किती वाचले?"

"हा खर्च एकदाचाच," व्हर्लिन पुटपुटायचा. "पुढे फायदाच फायदा."

पुढे भाव चढले. आधी दारूचे, मग पितळेचे. मसुराएवढ्या त्या टिकल्या तर दुकानांतून नाहीशाच झाल्या. क्लबात कारणांना काही तोटा नव्हता. कुणी परदेशातल्या लढाईला बोल लावी, कुणी सरकारला, कुणी कारखानदारांना. साठेबाजांना मात्र सगळे एका सुरात शिव्या घालत आणि घरी जाऊन आपापले डबे कुलूपबंद करत.

हळूहळू मैदानावर बंदुका यायच्या, पण वाजेनात. लोक कॉफी पीत, नळ्या पुसत, भावांवर बोलत.

"आज झाडणार नाहीस?" लाकूड वखारीचा नील्स विचारी.

"खांदा जरा धरलाय," व्हर्लिन म्हणे. "तू?"

"माझाही."

त्या वर्षी सगळ्या क्लबाचे खांदे एकदम धरले. दारू स्वस्त असती तर कुठल्या डॉक्टराची गरजही पडली नसती.

अशात फेब्रुवारीत ऑरिन हॅल्व्हरसन गेला. क्लबातला सगळ्यात जुना नेमबाज, व्हर्लिनचा पंचवीस-तीस वर्षांचा दोस्त. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात चीज घातलेले भाजलेले बटाटे आणि हॅम होतं. व्हर्लिन बशी घेऊन नील्सशेजारी बसला.

"मोठ्या मनाचा माणूस," तो म्हणाला.

"फार मोठ्या," नील्स म्हणाला. मग बटाटे चिवडत जरा थांबला. "त्याच्या तळघरात किती माल असेल रे?"

"लाज वाटत नाही तुला? माती अजून ओली आहे," व्हर्लिन म्हणाला. खरं तर हाच प्रश्न शेवटच्या प्रार्थनेपासून त्याच्याही डोक्यात घोळत होता.

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन ऑरिनच्या बायकोच्या, आर्डिथच्या, दारात गेला. पायवाटेवरचा बर्फ नील्सने आधीच काढून ठेवला होता. व्हर्लिनने मग छपरावरचा काढला. त्यावर मात म्हणून नील्सने पन्हळी बदलल्या. व्हर्लिनने गळका नळ दुरुस्त केला. क्लबातल्या आणखी दोघांनी कुंपण रंगवायला घेतलं. थंडीत रंग धरेना, तर वसंतात पुन्हा रंगवलं. येणारा प्रत्येक जण निघताना दारात घुटमळे आणि म्हणे, "तळघरात काही काम असेल तर सांगा हं."

आर्डिथने शाळेच्या भटारखान्यात जन्म काढला होता. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आलेलं पोर तिला लांबून ओळखू येई. ती सगळ्यांना ॲपल पाय खाऊ घाली आणि तळघराचं नाव काढत नसे. घराचं काहीच दुरुस्त करायचं उरलं नाही, तेव्हा तिने व्हर्लिन आणि नील्सला बोलावून घेतलं.

"चला, बघून घ्या एकदाचं," ती म्हणाली आणि जिन्यावरचा दिवा लावला.

चारी भिंती छतापर्यंत डब्यांनी भरल्या होत्या. टिकल्या, दारूचे डबे, गोळ्यांची खोकी. त्यांवर जुन्या, स्वस्ताईच्या काळातल्या किमतींच्या चिठ्ठ्या. दोघांनी नकळत टोप्या काढल्या.

"काय घ्याल याचे?" नील्सने हळूच विचारलं.

"काही नाही. घेऊन जा," आर्डिथ म्हणाली. "पण नेलंत ते झाडायचं. विकायचं नाही, साठवायचं नाही. मी शनिवारी खुर्ची टाकून बसणार आहे."

"सगळं?" व्हर्लिनने विचारलं.

"ऑरिन मला म्हणायचा, चांगल्या दिवसासाठी ठेवतोय. कुठला दिवस, विचारलं तर म्हणे, येईल की. शेवटच्या वर्षी बंदूक उचलायची ताकद राहिली नाही, तरी रोज इथे येऊन बसायचा." तिने एका डब्यावरची धूळ एप्रनच्या टोकाने पुसली. "मला यातलं काही घरात नको."

शनिवारी ती खरोखरच आली, मांडीवर घोंगडी घेऊन. शेजारी लव्हॉन. व्हर्लिनने पहिली गोळी झाडली तेव्हा त्याला कानात धमाक्याऐवजी किंमत ऐकू आली.

"कागदाला लागली?" आर्डिथने विचारलं.

"नाही."

"मग परत मार."

दुसरी नील्सच्या कागदाला लागली. नील्सने ती आपल्या हिशेबात धरली. वाद झाला, लोक हसले, आणि कितीतरी महिन्यांनी मैदानावर धुराचा वास पसरला. दुपार कलेपर्यंत व्हर्लिन भाव विसरला होता. ऑरिनची मात्र त्याला फार आठवण आली. चुकलेल्या गोळीला तो 'वाऱ्याने नेली' म्हणायचा, वारा नसतानाही.

उन्हाळा संपेतो तळघर रिकामं झालं. नंतर एका सकाळी बातमी फुटली की गावातल्या दुकानात टिकल्या आल्यात, माणशी एकच डबा. व्हर्लिन गाडी हाणत पोचला. रांगेत पुढे नील्स होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाहीसं केलं. नील्सच्याही पुढे आर्डिथ उभी होती. शेवटचा डबा तिला मिळाला.

"तुम्हाला काय करायचाय तो?" व्हर्लिनने विचारलं.

"बसून बसून कंटाळले. ऑरिनची बंदूक आहे, मला झाडून बघायचंय," ती म्हणाली. "भरायला शिकवशील?"

व्हर्लिन तिच्या डब्याकडे बघत म्हणाला, गुरुवारी या.