अंगणातली जपानी पाहुणी

जगात जे जे फिरतं ते कधी ना कधी कुरकुरतं, आणि या सगळ्या कुरकुरीची सुनावणी करायला देवानं एकच माणूस नेमलेला आहे, तो म्हणजे माझा धाकटा दीर. आमचे भाऊजी. अमरावतीला आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. लग्न केलं नाही. आयटीआयमध्ये यंत्रं शिकवता शिकवता केस पांढरे झाले आणि आता निवृत्तीनंतर दिवसभर ऐकण्याचं काम करतात. माणसांचं नाही बरं का. माणूस बोलायला लागला की भाऊजींचे डोळे जड होतात. पण रस्त्यानं एखादा ट्रक गिअर बदलत गेला की हातातला घास हातात राहतो, मान वाकडी होते, आणि चेहऱ्यावर असा भाव येतो की जणू दूरच्या नात्यातलं कोणी आजारी असल्याचा निरोप आला आहे. "बाईचा तिसरा गिअर दुखून राह्यला," म्हणतात. भाऊजींच्या लेखी सगळ्या गाड्या बाया आहेत.

त्यांच्याजवळ डॉक्टर लोक वापरतात तसली छाती तपासायची नळी आहे. ती त्यांनी माझ्या मिक्सरला लावली, पाण्याच्या मोटारीला लावली, देवघरातल्या घड्याळाला लावली. एकदा मी ओट्यावरून उतरताना गुडघा कटकन वाजला, तर मला खुर्चीवर बसवून, नळी गुडघ्याला लावून, डोळे मिटून चांगली दोन मिनिटं ऐकलं. मग हळूच म्हणाले, "वयनी, तुमच्या टोंगळ्यातलं ग्रीस संपलं." दवाखान्यात पुढं फोटो काढला, तिथल्या पोरीनं इंग्रजीत पाच ओळी लिहून दिल्या, पण अर्थ तोच निघाला.

आम्ही एकदा घरचे सगळे सेमाडोहला जंगल पाहायला निघालो होतो. परतवाड्याहून काळीपिवळी जीप केली. अजून घाट लागायचा होता, तोच भाऊजी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "दादा, थांबव. मांगचा क्रॉस चालला तुह्या गाडीचा." क्रॉस म्हणजे, मला भाऊजींनीच सांगितलं म्हणून माहीत, लांब दांड्याला जिथं मान वळवावी लागते तिथला सांधा. ड्रायव्हरनं आरशातूनच पाहिलं. "काका, तुमी सीटवर बसले ना? मंग बसा ना चूपचाप. दहा वर्सं झाले, मी चालवून राह्यलो." भाऊजी बसले. चूपचापही बसले. पण हातातली पिशवी मांडीवर घेऊन तिच्यातून पाने-पकडी काढायला लागले. मैलभरानं खालून असा काही आवाज आला की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईनं रामाचं नाव घेतलं. गाडी उभी राहिली. भाऊजी पांढऱ्या पायजम्यानिशी खाली शिरले, तासाभरानं काळ्या पायजम्यानिशी बाहेर आले. तो ड्रायव्हर आता हात जोडून उभा. "काका, तुमी कोन्या ग्यारेजचे?" भाऊजींनी चष्मा पुसला. "मी पाशिंजर आहो," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

अशा माणसाच्या आयुष्यात ती गाडी यायचीच होती. अकोल्याचे एक डॉक्टर, तरुणपणी आखाती देशात नोकरी करून आलेले, येताना बोटीवर घालून एक जपानी गाडी घेऊन आले होते. दोन दारांची, बुटकी, नाकानं लांब. तिचे दिवे मिटलेल्या डोळ्यांसारखे बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि बटण दाबलं की पापण्या उघडाव्या तसे वर येतात. त्यातली एक पापणी अडकायची, त्यामुळे गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारायची. डॉक्टरांची आणि भाऊजींची ओळख अकोल्याच्या भंगार बाजारात झाली. एकाच जुन्या गिअरला दोघांनी दोन बाजूंनी एकदम हात घातला. तो गिअर कोणाच्याच कामाचा निघाला नाही, पण दोघं तिथंच चहा प्यायला बसले आणि पुढची पंचवीस वर्षं बसूनच राहिले म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरांच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. डॉक्टरांची नजरही अधू झाली, गाडी चालवणं बंद झालं. मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला ते आमच्याकडे आले, चहा घेतला आणि माझ्यादेखत भाऊजींना म्हणाले, "भाऊ, संक्रांतीनंतर लेक न्यायला येते आहे. पुण्याला जाणार मी, कायमचा. गाडी मुंबईचे एक हौशी गृहस्थ नेणार आहेत. त्याच्या आधी एकदा मले तिच्या जागेवर बसून जायचं आहे. बाजूच्या सीटवर. आयुष्यभर मी चालवली, त्या बाजूला कधी बसलोच नाही. तुम्ही चालवा. पण गाडी तशीच चालली पाहिजे, तिच्या वेळेला चालायची तशी."

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॉलीवर लादून आमच्या अंगणात आली, आणि तुळशीशेजारी विटांवर चढून बसली. आजूबाजूच्या बाया मला विचारायच्या, "काहून वो, तुमची पाहुणी उठली का?" मी म्हणायची, "नाही वो, अजून झोपली आहे."

आता असल्या गाडीचे भाग काय दुकानात मिळतात? भाऊजींच्या खिशात पेनाच्या जागी मापायचा काटा असतो. काही गोल दिसलं की मापतात. त्यांनी माझ्या पाटल्या मापल्या आहेत, एका लग्नात नवरीचा चुडा मापला आहे, आणि माझ्या पुरणपोळ्यांच्या जाडीत फरक असल्याचं मला तोंडावर सांगितलं आहे. पण त्याच काट्याच्या जिवावर हा माणूस भाग शोधत कुठंही जातो. गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा जातो, शाफ्ट. इंजिनाची ताकद तोच मागच्या चाकांना नेऊन देतो. त्याच्या मधल्या आधाराचं बेरिंग गेलं होतं. ते कुठं मिळालं? धामणगाव रेल्वेला, कापसाच्या जिनिंगला सामान विकणाऱ्या दुकानात. "बेरिंगले जपान अन् धामनगाव काही समजत नाही वयनी, थे फक्त आपला नंबर ओयखते." क्लचची प्लेट अचलपुरात ट्रॅक्टरच्या प्लेटा करून देणाऱ्या मिस्त्रीनं नवी करून दिली. गिअरबॉक्सचं तेल मात्र भाऊजींनी बोटावर घेऊन नाकाशी धरलं आणि मान हलवली. मागं कोणीतरी चांगलं म्हणून जास्तीचं जहाल तेल भरलं होतं, त्यानं आतल्या पितळी कड्या खाऊन टाकल्या होत्या.

त्या कड्या जपानमधून आल्या. तिकडच्या एका लहान गावात एक म्हातारे गृहस्थ जुन्या गाड्यांचे भाग जपून ठेवतात. भाऊजी फोनमध्ये मराठीत बोलायचे, फोन त्याचं जपानी करायचा. भाऊजींची जुनी सवय, प्रत्येक निरोपाची सुरुवात साष्टांग नमस्कारानं. दोन-तीन निरोपांनंतर त्या गृहस्थांचं उत्तर मराठी होऊन आलं, 'तुम्ही माझ्यासाठी दर वेळी जमिनीवर पालथे होऊ नये, या वयात उठायला त्रास होतो.' पार्सल त्यांच्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायचं. भाऊजी ते कागद इस्त्री करायचे आणि दुपारभर घेऊन बसायचे. एक अक्षर समजत नव्हतं. हवामानाचा नकाशा तेवढा पाहायचे. "त्याईच्याकडं पानी येऊन राह्यलं," असं मला चिंतेनं सांगायचे. मी त्या म्हाताऱ्या माणसाला संत्रा बर्फी पाठवली. तिचा एक तुकडा नाजूक निळ्या बशीत ठेवलेला फोटो आला, तो आमच्या फ्रिजवर आहे.

मग आली खांडेनवमी. आता इथं मला माझं सांगावं लागेल. भाऊजी बेरिंगसाठी धामणगावला गेलेले. शाफ्टचे दोन तुकडे सुटे करून ओसरीत पोत्यावर ठेवलेले. नवमीला आमच्याकडे विळीपासून पान्यापर्यंत सगळी हत्यारं धुऊन पुसून पुजतात, आणि हे तर पाहुणीचं हाड. मी रॉकेल घेतलं, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दोन्ही तुकडे असे घासले की त्यात तोंड दिसावं. दोन्ही तुकड्यांवर एकेक लाल ठिपका होता. मला वाटलं, भाऊजींनी जाताना टिळा लावलेला दिसतो, पण उडत चालला आहे. तो पुसून काढला आणि तेलात शेंदूर कालवून तिथंच, आपल्या अंदाजानं, चांगला ठसठशीत टिळा लावला. झेंडूचं फूल वाहिलं. भाऊजी आले, पाहिलं, हात जोडले आणि टिळ्याला टिळा जुळवून शाफ्ट बसवून टाकला.

गाडी सुरू झाली. गेट उघडलं, पापण्या उघडल्या, गल्लीतल्या बाया टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. भाऊजी बडनेऱ्यापर्यंत गेले आणि उतरल्या चेहऱ्यानं परत आले. वेग साठाच्या वर गेला की गाडी थरथरायची. ताप भरलेल्या माणसाचे दात वाजतात तशी. आरशात मागचा रस्ता दोन-दोन दिसायचा.

पुढचे दोन महिने भाऊजींची अन्नावर वासना राहिली नाही. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवला. मागच्या चाकांमधला दात्यांचा डबा उघडून प्रत्येक दात मोजला. चाकं बदलली. इंजिनाखालचे रबर जपानहून मागवले. म्हाताऱ्यांनी लिहिलं, 'मला तुमच्या गाडीच्या मनाची काळजी वाटते.' नळी कानाला लावून भाऊजी अंगणात डोळे मिटून बसायचे, आणि गाडी तर बंद असायची. विचारलं तर म्हणायचे, "आठवून ऐकून राह्यलो." अकोल्याहून डॉक्टरांचा फोन यायचा, तो मीच घ्यायची. "कसं आहे वहिनी?" "चाललं आहे," म्हणायची मी. मार्गशीर्ष लागला तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. "राहू द्या," म्हणाले एकदा. "भाऊंना सांगा, त्रास नका घेऊ. तशीच नेऊ द्या मुंबईवाल्यांना." हे मी भाऊजींना सांगितलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी कलशाला कुंकवाची बोटं ओढत होते. भाऊजी दारात उभे राहून आपल्याशीच बोलत होते. "सगळं पाह्यलं. शाफ्ट बी बरोबर हाय. खुनेले खून जुळवून बसवला मी."

"कोणती खूण?" मी विचारलं.

"लाल. ऑईलपेंटचे ठिपके लावले होते ना मी, दोन तुकडे पुन्हा जसेच्या तसे बसावं म्हणून. एक दाता इकडं तिकडं झाला तं बाई थरथरते."

माझं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. "भाऊजी," मी म्हटलं, "थे लाल तर मी लावलं. शेंदराचं. तुमचं पुसलं होतं."

मला वाटलं, आता चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर चिडणार, आणि चिडला तर काही चुकलं नाही. ते आत आले, पाटावर बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वयनी, कुठी लावला होता तुमी टिळा?"

"जिथं शोभला तिथं."

भाऊजींचे खांदे हलायला लागले. आधी मला कळेना रडतात की काय. हसत होते. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले आणि गाडीखाली जाऊन पडले. दिवस मावळायच्या आत शाफ्ट दोन दाते फिरून आपल्या जागी बसला होता.

संक्रांतीनंतर डॉक्टर पुण्याला गेले, गाडीही मुंबईला गेली. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक दुपार. डॉक्टरांना जेवायला आणायचं म्हणून भाऊजी आणि मी तीच गाडी घेऊन अकोल्याला गेलो. येताना डॉक्टर बाजूच्या सीटवर बसले. बसण्याआधी सीटवर नुसता हात ठेवून उभे राहिले. मी मागं, जिथं सीट नावालाच असते आणि पिशव्या ठेवतात, तिथं अंग चोरून बसले. गाडी निघाली. साठ झाले, सत्तर झाले. कुठं म्हणून काही हललं नाही. दोन्ही बाजूंना वेचून उरलेला कापूस, पिवळ्या पडत चाललेल्या तुरी, त्यांच्यावर हिवाळ्याचं मऊ ऊन. पाण्यावरून जावं तसे आम्ही चाललो होतो. मूर्तिजापूर यायच्या आधीच डॉक्टरांची मान एका बाजूला कलली.

बडनेरा आलं. अमरावतीचा फाटा आला. भाऊजींनी गाडी वळवली नाही. वलगाव गेलं. मी पुढं वाकून कानाशी म्हटलं, "भाऊजी, घर मांगं राहिलं."

"झोपू द्या वयनी," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "थांबवली तं उठतीन."

आसेगावचा पूल गेला. समोर मेळघाटच्या डोंगरांची निळी रेघ उमटली, वर आली, जाड झाली. परतवाडा दिसायला लागला तेव्हा रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून गाडी थांबवावी लागली, आणि डॉक्टर जागे झाले. त्यांनी डोळे चोळले. "कुठं आलो भाऊ?"

"परतवाडा आला."

"अन् अमरावती?"

"गेली," भाऊजी म्हणाले.

डॉक्टर डोंगराकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आमची ही नेहमी झोपायची इथं. अकोल्याहून निघालो की दहा मिनिटांत. मी चिडायचो. म्हणायचो, तुले माझ्याशी बोलायचा कंटाळा येते म्हणून झोपतेस तू." त्यांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. "कंटाळा नव्हता तिले."

गुरं निघून गेली. रस्ता मोकळा झाला तरी भाऊजींनी गिअर टाकला नाही. मग भाऊजींनी गाडी कडेला घेऊन हळूच वळवली आणि समोर पाहत म्हणाले, "डॉक्टर, घरी जायाले अजून वेळ आहे. टेका मान."

डॉक्टरांनी मान टेकवली. त्यांना झोप लागली की नाही, मला मागून दिसत नव्हतं. पण भाऊजींनी सगळा रस्ता गाडी अशी चालवली की लागली असेल तर मोडू नये.