विहीणबाईंच्या एप्रनमधल्या निळ्या ओळी

मी विणकर. वडगावात जन्मलो, वडगावातच चाळीस वर्षं साड्या विणल्या, आणि आता गुडघे उठू देत नाहीत म्हणून बसून असतो. बसलेल्या माणसाला जो तो काम सांगतो. किराणा आणा, गॅसवाल्याची वाट बघा, फोन घ्या. हे काम मात्र थेट मेलबर्नहून आलं, आणि घेऊन आलेली माझी एकुलती एक लेक, म्हणून नको म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं.

लेक तिकडं नर्स आहे. तिनं लग्न केलं तेही तिथल्या एका ग्रीक घरातल्या पोराशी. झालं, गल्लीत चौकशा सुरू. शेजारच्या आक्कानं विचारलं, "ग्रीक म्हंजे आपल्यात बसत्यात व्हय?" मी म्हटलं, "बसत न्हाईत, पण सणाला आपल्यासारखीच गोळा हुत्यात, जेवताना भांडत्यात आणि पोरगी कुणाच्या घरची ते आधी इचारत्यात." आक्काचं समाधान झालं नाही. माझं तरी कुठं झालं होतं! पण लेक सुखी दिसत होती, आणि रोज उठून वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

विहीणबाई नऊ वर्षांच्या असताना मावशीबरोबर बोटीतून मेलबर्नला गेल्या. आई गावीच राहिली. पैसे साठवून परत जायच्या आत ती वारली, म्हणजे भेट झालीच नाही. त्यांच्या गावाकडची बरीच घरं त्या शहरात आहेत. सगळ्यांनी मिळून एक हॉल बांधलाय. गावच्या देवाचा दिवस आला की तिथं अख्खं मेंढरू भाजतात आणि बायका एकमेकींचे हात धरून रांगेत नाचतात. रांगेच्या पुढं सगळ्यात वडीलधारी बाई. अलीकडं तो मान आमच्या विहीणबाईंचा. दर रविवारी हॉलमध्ये पोरांना ग्रीक शिकवायची शाळाही भरते. नातवाला त्या ओढून नेतात आणि तो येताना इंग्रजीत रडत येतो. लेक हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. आमच्याकडं सीमाभागात दुकानावरची पाटी एका भाषेत, बँकेतला फॉर्म दुसऱ्या भाषेत, पोरांची शाळा तिसऱ्या भाषेत. आपली बोली सांभाळता सांभाळता माणूस किती दमतो, ते मला कुणी शिकवायला नको.

नाचताना त्या बायका कमरेला पुढच्या बाजूनं लोकरीचा विणलेला एप्रन बांधतात. विहीणबाईंचा त्यांच्या आईनं विणलेला. बाकीच्या पोरी बाजारातला छापील बांधतात आणि त्याचा विहीणबाईंना संताप. सुनेचा बाप विणकर आहे हे कळल्यावर त्यांनी बारा एप्रन सांगितले, आणि नमुना म्हणून स्वतःचा दिला. तो एप्रन पन्नास-साठ वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. लेकीनं तो हातातल्या पिशवीत, मांडीवर ठेवून आणला होता.

"आप्पा, ह्येला लई जपा हं," ती म्हणाली.

"मला सांगतीस?" मी म्हटलं. मला राग आला होता. उभा जन्म कापडात गेला आणि लेक मला कापड जपायला सांगते!

माग सोडून माळ्यावर टाकला होता तो खाली काढला. दोन शेजाऱ्यांनी जोडून दिला. आमची ही कांड्यांवर सूत भरायला बसली, तिचीही कंबर दुखत होतीच. लाल जमीन, काळे-पांढरे पट्टे, साधी वीण. पण लोकरीचं सूत हाताला नवं, सारखं तुटायचं. पायाखालचे पायटे दाबून दाबून संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसायचो आणि म्हणायचो, कशाला हो म्हटलं. पण विहीणबाईंचं काम. मुलीकडच्या माणसाला मान खाली घालायची सवयच असते, ती सातासमुद्रापलीकडंसुद्धा सुटत नाही. पंधरा दिवसांत बारा नग उतरले. सारखे, सरळ, विणीत कुठं डाग नाही.

डाग होता तो त्यांच्या एप्रनला. खालच्या काठाजवळ, लाल जमिनीत, निळ्या सुताच्या सात ओळी घुसलेल्या. त्यासुद्धा वाकड्या, एका जागी गोळा झालेल्या, एका जागी धागाच सुटलेला. रोज नमुना पुढ्यात ठेवायचो आणि रोज डोळा तिथंच अडकायचा. असला नग आमच्या शेठनं तोंडावर मारला असता. चाळीस वर्षं मी दिवसाच्या शेवटी कापडावर हात फिरवून डाग हुडकलेत. तो डाग बघून गप्प बसणं माझ्याच्यानं होईना.

लेक मैत्रिणीच्या पोरीच्या बारशाला चार दिवस संकेश्वरला गेली. मला वाटलं, एवढ्या लांबून विश्वासानं कापड पाठवलंय, तर नुसतं वापरून काय परत द्यायचं? नीट करून देऊ. सुई घेतली. निळा धागा इंच इंच उसवला, आणि जुन्या रंगाशी मिळता लाल धागा तिथं एकेक ओळ भरत गेलो. तीन दिवस लागले. चष्म्यावर चष्मा लावून केलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं सफाईचं काम माझ्या हातून झालं नव्हतं. हिनं एप्रन उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "कुठं हुतं त्येच कळंना की वो!" मी फुगलो.

लेक आली ती परतीच्या आदल्या दिवशी सकाळी. मी चहासुद्धा पिऊ दिला नाही, आधी एप्रन हातात दिला. ती तिथं अंगठा फिरवत राहिली. पुन्हा फिरवला. मग खिडकीपाशी गेली. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, वा आप्पा.

"आप्पा, निळ्या ओळी कुठं गेल्या?"

"काढल्या. डाग हुता त्यो."

ती एप्रन मांडीवर घेऊन खाली बसली. तिनं सांगितलं ते असं. बोटीत बसायच्या आधीच्या आठवड्यात विहीणबाईंची आई हा एप्रन विणत होती. पोरगी आता जाणार म्हणून तिला मांडीवर घेऊन मागावर बसवलं आणि आडवा धागा नेणारा धोटा तिच्या हातात दिला. पोरीनं निळ्या सुताचा धोटा सात वेळा फेकला, वाकडातिकडा. आईनं त्या ओळी काढल्या नाहीत. पुढं लाल विणून कापड पुरं केलं आणि तिच्या कमरेला बांधून तिला पाठवून दिलं. आईचा फोटोसुद्धा नाही विहीणबाईंकडं. दर वर्षी नाच सुरू व्हायच्या आधी त्या ह्या ओळींवर अंगठा ठेवतात, मग पाऊल उचलतात.

"आधी का न्हाय सांगितलंस?" मी ओरडलो. चूक माझी आणि आवाजही माझाच मोठा.

"सांगायचं काय त्यात? तुमी नुसतं माप घेणार हुता न्हवं!"

विणकराच्या घरात धागा कुणी टाकत नाही. आमच्या हिनं ते निळे तुकडे सुईदोऱ्याच्या डब्यात घालून ठेवले होते. मी पुन्हा बसलो. माझा लाल धागा काढला आणि निळा भरायला लागलो. दोन ओळी भरल्या आणि बघितलं तर सरळ. उसवल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा सरळ. मुद्दाम वाकडी घातली तर ती मुद्दाम घातलेलीच दिसायची. तिसऱ्यांदा उसवताना एक तुकडा तुटला आणि मी सुई खाली ठेवली. मेल्या, एवढं तरी कर, असं मी स्वतःलाच म्हणत होतो.

"सरका, आप्पा," लेक म्हणाली.

तिला रफू येत नाही. मागावरचं तर काहीच येत नाही, आणि त्यालाही मीच कारण. सहा वर्षांची असताना, मी चहा घ्यायला उठलो तेवढ्यात ती मागावर चढली आणि हिरव्या साडीत पिवळ्या धोट्याचे चार फेरे मारले. मी येऊन तिच्या पाठीत धपाटा घातला, ओळी उसवल्या आणि साडी वेळेत उतरवून शेठला दिली. त्यानंतर ती मागाजवळ फिरकली नाही. पुस्तकात डोकं घातलं, नर्स झाली, सातासमुद्रापार गेली. बरं झालं, असंच मी चारचौघांत सांगत आलोय.

ती खाली मान घालून सुई चालवत होती. धागा तिच्या हाताखाली आपोआप वाकडा जात होता. मधेच वर न बघता म्हणाली, "आठवतंय न्हवं तुमाला? हिरवी साडी हुती."

"न्हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सांबऱ्याच्या विमानतळावर तिला सोडून आलो. आठ दिवसांनी फोन आला. विहीणबाईंना तिनं एप्रनचं सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी अंगठा ठेवला, एप्रन घेऊन खोलीत गेल्या आणि दार लावलं. तासाभरानं बाहेर आल्या. सुनेच्या ओळीही लहान पोरीच्या हातच्यासारख्याच वाकड्या आहेत, एवढं त्यांना कळलं होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तूही लहानपणी वडिलांच्या मागावर धोटा फेकला असशील. ते कापड कुठं आहे?"

"मग? तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आप्पांनी जपून ठेवलंय म्हटलं. पेटीत."

मी फोन हिच्याकडं दिला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

त्यांच्या देवाच्या दिवशी हॉलमध्ये बारा पोरींनी माझे एप्रन बांधले. व्हिडिओ आला तो मी बघितला. विहीणबाई पुढं होत्या. अंगठा ठेवला, जरा थांबल्या, मग पाऊल उचललं. आता त्या डिसेंबरात आमच्याकडं येणार आहेत. घर बघायचंय म्हणाल्या, माग बघायचाय आणि पेटीतलं ते कापड बघायचंय.

माग अजून जोडलेलाच आहे. शेजारच्या शहापुरात हिरवं सूत मिळेल, पिवळंही मिळेल. पण चार वाकड्या ओळी घालायला सहा वर्षांची पोर आता कुठनं आणू?