अण्णांची तीन स्मरणपत्रं

गेल्या शनिवारी दुपारी आम्ही तिघांनी एक स्वीडिश सिनेमा लावला. मुलगी कॉलेजच्या सुट्टीवर मॉरिसव्हिलला घरी आली होती, निवड तिची. एक पोलीस अधिकारी वर्षानुवर्षं लोकांना मारतो, वरिष्ठ त्याला पाठीशी घालतात, आणि शेवटी एक माणूस बंदूक घेऊन सूड उगवायला निघतो.

“एवढ्या थंडीत एवढा राग येतो कुठून हो?” बायको म्हणाली.

मग पडद्यावर त्या अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारींची फाइल आली. प्रत्येक कागदावर एकच शेरा: तथ्य आढळले नाही. मी सिनेमा थांबवून कागद मोजले. आठ.

“झाले मोजून?” मुलगी हसली. मग म्हणाली, “बाबा, आजोबांची कम्प्लेंट पण अशीच दाबली असणार. यू नेव्हर इव्हन गॉट अ रिप्लाय.”

मी रिमोट खाली ठेवला.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, नागपूरहून आले होते. वय एकाहत्तर, तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. एके दिवशी आम्ही गाडीतून घरी येत असताना संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी मागे पोलिसांचे दिवे लागले. आमचा एक ब्रेक लाइट बंद होता. आपल्याकडे पोलिसांनी गाडी अडवली की घरातला वडीलधारा खाली उतरतो, साहेबांकडे जाऊन नमस्कार करतो. आत बसून राहणं म्हणजे माज. इथे नेमकं उलटं, हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहायचं. मला हे नऊ वर्षं माहीत होतं. अण्णांना सांगितलं नव्हतं.

ते उतरले, चालत गेले, आणि पासपोर्ट काढायला त्यांनी कुडत्याच्या खिशात हात घातला. पुढच्या क्षणी ते रस्त्यावर पालथे होते. एवढं मी समजू शकतो. पण बेड्या घातल्या, झडती झाली, पासपोर्ट सापडला, त्यानंतरही त्या पोलिसाचा गुडघा अण्णांच्या पाठीवर चार मिनिटं होता. मी डॅशबोर्डवरच्या घड्याळात पाहत होतो. अण्णांचं मनगट मोडलं. आम्हाला ब्रेक लाइटबद्दल ताकीद मिळाली. मुलगी मागच्या सीटवर होती, सात वर्षांची.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार टाइप केली. अकरा मुद्दे, प्रत्येकासमोर वेळ. अण्णांनी डाव्या हाताने कागद धरून वाचली. “छान मुद्देसूद आहे. अर्ज लेखी असला की उत्तर द्यावंच लागतं.”

आमचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं. ऑफिसातला मित्र म्हणाला, “सोड ना यार, कशाला नजरेत यायचं?” मी तक्रार फाइलमध्ये ठेवली आणि घरी सांगितलं, पाठवली.

अण्णा परत गेले. दर रविवारी फोनवर विचारायचे, “आलं का रे त्यांचं?” मी म्हणायचो, “अजून नाही.” पाच वर्षांनी ते वारले. तोवर तेच विचारत होते.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. तक्रार पाठवलीच नव्हती, हे बायकोलाही आत्ताच कळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

“व्हेअर इज इट?” मुलीने विचारलं.

मी फाइल आणली. तिने अकराही मुद्दे सावकाश वाचले. शेवटी सहीची जागा कोरी होती.

“इट्स अ व्हेरी गुड कम्प्लेंट, बाबा,” ती म्हणाली.

मग तिला खालचे कागद दिसले. निळ्या शाईतली तीन पत्रं, नागपूरहून पोस्टाने आलेली. “हे काय?”

“स्मरणपत्रं. उत्तर आलं नाही की कचेरीत रिमाइंडर पाठवतात. तीन पाठवायची पद्धत असते. इंग्रजीत करून पुढे पाठव म्हणून अण्णांनी मला लिहिली होती.”

तिला मराठी वाचता येत नाही. मी काहीही सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. तिने तिसरं पत्र माझ्या हातात दिलं.

“वाच. स्किप नको करू.”

सिनेमा तिथेच थांबलेला होता. मी वाचायला लागलो. “महोदय, सदर प्रकरणी माझ्या मुलाने आपणाकडे रीतसर तक्रार दाखल केलेली आहे...”

“मीन्स?”

मी तिला अर्थ सांगितला.