अण्णांच्या सात राजधान्या

"बसून काय हुतंय?" असं म्हणत अण्णा उठायचे आणि समोरच्याचा चहा अर्धाच राहायचा. आमच्या कडेगावकडच्या शाळेत मी शिक्षक, ते शिपाई. बसायला खुर्ची दिलेली होती, पण तिच्यावर कायम त्यांची पिशवी बसलेली. तास संपायला पाच मिनिटं असली तरी हात घंटेच्या दोरीवर. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्या शेजारी बसलं की आपलेच पाय हलू लागतात.

घराणं मेंढरांमागं फिरणारं, म्हणून आम्ही तो रक्ताचा गुण समजायचो. खरं कारण मला उशिरा कळलं. तरुणपणी त्यांचा धाकटा भाऊ मेंढरं सोडून औंधला यमाईच्या जत्रेत गेला आणि मागं लांडग्यानं दोन कोकरं नेली. अण्णांनी जत्रा गाठली आणि चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. तिसऱ्या दिवशी पोरगा गावातून नाहीसा झाला.

आमच्या भागातली माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफकट्ट्यात जा, सोनं-चांदी गाळणारा आपल्याकडचा निघतो. धाकटाही त्यांच्यातच मिसळला होता. दिवाळीला गावी आलेल्या एका गलाईवाल्यानं एवढंच सांगितलं, की तो कुठल्याशा राज्याच्या राजधानीत आहे, बरा आहे, आणि पत्ता द्यायचा नाही म्हणाला. पुढं पोरांच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर अण्णा दर दिवाळीच्या सुट्टीत एकेक राजधानी करू लागले.

जयपूर झालं, लखनौ झालं, पाटणा झालं. मी मोठ्या हौसेनं विचारायचो, जयपूर कसं आहे? "सराफकट्टा लय आत हाय, चालावं लागतंय," एवढंच प्रवासवर्णन. हवामहाल त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. त्याच्या सावलीत उभं राहून पत्ता विचारला होता.

सातव्या खेपेला भोपाळ ठरलं आणि मी मागं लागलो. आमच्याकडची माणसं उज्जैन करून परत फिरतात, भोपाळला मुद्दाम कुणी जात नाही. मला ते तलावांचं शहर पाहायचं होतं, आणि अण्णांबरोबर खर्च असा नव्हताच. सांगलीहून गाडी थेट, डबा जनरलचा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरची. मुक्काम एका गलाईवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. आपल्या मुलखाचा माणूस आला की त्याला लॉजवर जाऊ द्यायचं नाही, ही त्या लोकांची रीत.

सकाळी पोहे-जिलेबी खाऊन मी तलावाकडे निघालो, तर अण्णा बरोबर उलट्या दिशेला. मी चिडलो. आधी तळं बघू, तो काय कुठं पळून जातोय, असं बोलून गेलो आणि जीभ चावली. अण्णा चालतच राहिले. मी मुकाट्यानं त्यांच्या मागं चालू लागलो.

चौथ्या गल्लीत एका भट्टीपुढं पन्नाशीचा एक माणूस मुशीतली चांदी साच्यात ओतत होता. अण्णा उंबऱ्याशी थबकले. त्यानं वर पाहिलं, मूस खाली ठेवली, हात पुसले आणि येऊन त्यांच्या पाया पडला. तोच तो धाकटा. कुणी न सांगता खाली बसलेले अण्णा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

घरच्यांचं, मेंढरांचं, पावसाचं बोलणं झालं. शेवटी अण्णांनीच विषय काढला.

"जत्रंत मारलं तुला. त्येच मनाला लावून घिऊन गेलास न्हवं?"

"कवा मारलं? मला तर आठवत बी न्हाई," धाकटा हसून म्हणाला. "मला धंदा शिकायचा हुता, आण्णा."

अण्णांनी डोळे पुसले. मग मला म्हणाले, चला, तुमचं तळं बघू.

तिथं त्यांनी मला आणि धाकट्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं. एवढं पाणी येतं कुठून, मासे कुठले, पलीकडं वस्ती कुणाची. सहा राजधान्यांत पाहायचं राहिलेलं ते त्या एका तळ्यावर वसूल करत होते. मला इतका आनंद झाला की सकाळचं चिडणं आठवून माझीच मला लाज वाटली. परतीच्या गाडीत त्यांनी पुढचा बेत आखला. पुन्हा जयपूर, या वेळी नुसतं बघायला.

ते जाणं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. धाकटा दुसऱ्या दिवशी येऊन पोचला. तेराव्याची पंगत उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याला धीर यावा म्हणून मी सांगितलं, भोपाळहून आल्यापासून अण्णा फार निवांत होते. ती थोबाडीत तुला आठवतसुद्धा नाही हे ऐकलं आणि माणूस सुटला.

त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना.

"सर, एक दिस बी इसरलो न्हाई," तो म्हणाला. "पर पाया पडताना त्येंच्या टाचा बघितल्या, चालून चालून फाटलेल्या. मग काय बोलायचं?"