आयेची हाक राहिलेलं गाणं

आमच्या कट्टा गावच्या स्टँडवर कुडाळची एसटी लागली तेव्हा माझ्या खांद्याला गिटार होती आणि हातात आयेने बांधून दिलेली पिशवी. सोलं, कुळथाचं पीठ, भाजलेले काजूगर. कंडक्टरने गिटारकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्येचा तिकीट काढूक लागतला." बाबा खालून म्हणाले, "हाफ फाड. चेडवाचो धाकटो भाव आसा तो." गिटार माझा धाकटा भाऊ झाल्यावर अख्खी गाडी हसली. आये हसली नाही. ती खिडकीखाली आली आणि एवढंच म्हणाली, "वेळेर खा गो बाय." गाडी सुटली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईट वगैरे काही वाटलं नाही, कधी एकदा निघते असं झालं होतं.

तुम्हा गाववाल्यांतले बरेच जण त्याच स्टँडवरून गेले. कोणी गोव्याच्या हॉटेलात, कोणी दुबईला, कोणी पुण्याला. बाकीचे आम्हाला गाडीत बसवून घरी परतले. दोघांनाही हे सांगते आहे, कारण भेटलात की तुम्ही विचारता, "गाण्याचा काय झाला गो?" आणि मी "चाललंय" म्हणून वेळ मारून नेते.

बेंगळुरूत दिवसा माझी ऑफिसातली नोकरी आणि संध्याकाळी बँड. आम्ही चौघं. ड्रमवर मंगळूरचा रोशन, बाकी दोघं गिटार आणि कीबोर्डवर. गाणी मी लिहायची, तीही आपल्या मालवणीत, आणि बाकीच्या तिघांना एक शब्द न कळता ते जीव ओतून वाजवायचे. गाणी इंटरनेटवर विकायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण चौघांत लाज मला कमी असं रोशनचं मत.

गाणं करणं सोपं हो. ते लोकांच्या कानापर्यंत ढकलत न्यायचं म्हणजे जांभ्याचा चिरा चढावर लोटण्यासारखं. गाणं अ‍ॅपवर चढवायला मध्ये एक कंपनी लागते. तिची दरवर्षी फी असते, ती थांबली की गाणं खाली उतरतं. मग पोस्टर, रील, रीलसाठी चेहरा हसरा, प्लेलिस्ट चालवणाऱ्या अनोळखी माणसांना आर्जवाचे मेल. त्यांतली बहुतेक उत्तरच देत नाहीत. जी देतात ती लिहितात, गाणं छान आहे, पण सुरुवातीच्या काही सेकंदांत पकडत नाही. आपल्याकडे पाहुणा आला तर आधी त्याला पाणी देतात आणि मग विषयाला हात घालतात. माझी गाणीही तशीच. ती सुरुवातीला पकडत नाहीत, बसा म्हणतात. तिथे बसायला वेळ कोणाला असतो?

शेवटी आम्ही ठरवलं की 'सडो' हे गाणं लोकांपर्यंत पोचलं तर पुढचा अल्बम करायचा, नाहीतर बँड थांबवायचा. रोशनला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळत होती आणि तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. म्हणजे सगळ्यांचं घोडं माझ्यापाशी येऊन अडलेलं.

'सडो' मी घरी सुट्टीवर असताना लिहिलं होतं. शाळेत जाताना सड्यावर, त्या उघड्या कातळावर, पाय भाजायचे ना, त्याचं. "सड्यार तापली वाट, माका सावळी दी गो", असं त्याचं धृपद. पडवीत बसून मी ते पहिल्यांदा फोनवर रेकॉर्ड केलं. दुसरं कडवं संपलं, मी धृपदाच्या आधी श्वास घ्यायला थांबले, आणि नेमकी तेव्हाच आतून आयेने हाक मारली, "बाय गो, चाय निवता!" मी ओ दिली नाही, गात राहिले. बाबांना ते फार आवडलं म्हणून ती फाइल त्यांच्या फोनवर पाठवून दिली. पुढे बेंगळुरूच्या स्टुडिओत गाणं नव्याने केलं, स्वच्छ, मापात. तिथे हाक कशी असणार?

गाणं अ‍ॅपवर आलं त्या दिवशी मी बाबांना लिंक पाठवली आणि बजावलं, ही सगळ्यांना पाठवा, प्रत्येकाने ह्याच लिंकवरून ऐकायला हवं. काही दिवसांनी फोन केला. बाबा खुशीत होते. "कट्ट्यार सगळ्यांनी आयकल्यानी. रिक्षावाल्यांनी तर मेमरी कार्डार भरून घेतल्यानी."

"भरून घेतल्यानी? बाबा, लिंक पाठवलात ना?"

"ती लिंक कोणाच्या फोनार उघडना नाय. मिया आपली फाइल दिलंय. तुझी पयली. तुझ्या त्या दुसऱ्या गाण्यात आवशीचो आवाज खंय आसा?"

मी कपाळाला हात लावला. फाइल दिली की कुठेच मोजलं जात नाही, गाणं ऐकूनही न ऐकल्यात जमा, हे मी त्यांना जमेल तितक्या शांतपणे समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गो बाय, झाडाचो पयलो फणस कोण विकता काय? पयलो वाटूचो. मागीर विकूचो."

आपल्याकडे तसंच आहे. पहिला फणस देवाला, मग शेजारी, मग आत्याच्या घरी वानवळा, आणि त्यानंतर बाजार. बाबांनी माझं गाणं वानवळ्यासारखं घरोघर पोचवलं होतं. मी मात्र बेंगळुरूत लॅपटॉप उघडून नकाशा बघत होते. कुठे कुठे गाणं ऐकलं जातंय ते त्यावर दिसतं. कुठल्या कुठल्या देशांत एखाद-दुसरा ठिपका होता. आपल्या बाजूला काहीच नव्हतं, नुसता समुद्र आणि किनारा. मला बाबांचा राग आला, आणि राग आला ह्याची लाजही वाटली.

नकाशा काही भरला नाही. रोशनने नोकरी घेतली. निघताना तो तुटक्या मालवणीत धृपद गुणगुणला आणि आम्ही दोघंही रडलो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घर सोडून राहिले ते एका संध्याकाळी संपलं. आणि मग इतकं दमल्यासारखं झालं की काही दिवस गिटारला हात लावला नाही.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून घरी गेले. पोचले त्या दिवशी गावच्या मैदानावर क्रिकेटचे सामने होते. आये म्हणाली, "बाबा थंयसरच आसत, जा." मी गेले. बाबा मांडवात स्कोअर लिहिणाऱ्याच्या शेजारी बसले होते. मी बाजूला टेकले, सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात डाव संपला. लाऊडस्पीकरवर गाणं लागलं. माझंच. पडवीतलं, खरखरीत, मागे विहिरीवरच्या पंपाचा आवाज असलेलं.

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बऱ्याच जणांना ते माझं आहे हे माहीतही नसावं. पोरं पाणी पीत होती, कोणी पॅड बांधत होतं, आणि ओठ हलत होते. दुसरं कडवं संपलं. स्पीकरमधून आयेची हाक आली, "बाय गो, चाय निवता!"

आणि सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "येतंय गो आये!"

मग हसले आणि धृपद गायला लागले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्नात पण असाच ओरडतत. आवस तुझी लाजता." मी मान डोलावली. ज्या हाकेला मी त्या दिवशी ओ दिली नव्हती, तिला अख्खा गाव रोज ओ देत होता.

बँड संपल्याचं मी घरी परतताना वाटेत सांगितलं. बाबा म्हणाले, "बरा. जेवन घी पयला."

आता मी पुन्हा बेंगळुरूत आहे. नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, भिंतीला टेकवलेली गिटार आहे. मधल्या कंपनीचे फी भरा म्हणून मेल येतात. मी भरणार नाही. थोड्या दिवसांत 'सडो' अ‍ॅपवरून उतरेल आणि नकाशावरचे ठिपके विझतील. तुमच्यातल्या दुबईवाल्यांना हवं असेल तर बाबांना सांगा, ते फाइल पाठवतील.

घर म्हणजे काय असं आताशा कोणी विचारलं तर मला ते मैदान आठवतं. माझं तिथे काही अडत नाही, माझ्या वाटणीची ओ पण दुसरे देतात. ह्याचं बरंही वाटतं आणि आत कुठेतरी दुखतंही. परवा आयेचा फोन आला. तिने नेहमीचं विचारलं, "कधी येतलंस गो?"

तोंडावर आलेलं "येतंय" मी ह्या वेळी गिळलं. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. गॅस बंद केला, फोन कानाला धरूनच तिकीट काढलं, आणि मग म्हटलं, "येतंय गो आये!"